पांढऱ्या मिरचीचं बी

बकुळा परसात आली आणि थबकलीच. कुंपणापलीकडे, इतके दिवस ओस पडलेल्या वाफ्यात, कुणीतरी मिरचीची रोपं लावत होतं. कीर्तनात बुवांच्या मागे मृदंग घेऊन बसतो, तोच हा — काशीराम, संगमेश्वराकडचा. आंजर्ल्यात बुवांनी त्याला बिऱ्हाड बघून दिलंय, हे तिने ऐकलं होतं. ते नेमकं आपल्याच कुंपणाला लागून असेल, हे मात्र...

"कसली रोपं ती?"

"जांभळी मिरची. आमच्या आजीच्या हातची." तो हसला.

तिथेच सगळं बिनसलं. हसला नसता, तर तिला नीट रागावता तरी आलं असतं.

बकुळेच्या परसातली मिरची मोत्यासारखी पांढरी, आईने माहेराहून आणलेली. आई गेल्यापासून बी राखायचं काम बकुळेचं, आणि यंदा दोनच रोपं जगली होती. माशी काही कुंपण मानत नाही. जांभळीचा पराग एकदा पांढरीवर पडला, की त्या बियांतून आईची मिरची पुन्हा यायची नाही. हे सगळं तिने त्याला ऐकवलं आणि रोपं उपटा म्हणाली.

"उपटतो. पण माझ्याकडेही एवढंच बी होतं हो."

मग तिलाच उपटा म्हणवेना.

पौषात कळ्या धरल्या. एका सकाळी बघते तो तिच्या झाडांवर मलमलीच्या पातळ पिशव्या, कळ्या न दुखवता अलगद बांधलेल्या! घरात गोदूआत्याला विचारलं, तर ती म्हणाली, मला विचारूनच बांधल्यान. बरा आहे गो मुलगा. आणि उगीचच गालात हसली.

माघी उत्सवाच्या कीर्तनाला काशीराम उघड्या खांद्याने बसला. उपरणं गणपतीला वाहिलंस की काय, म्हणून साथीदारांनी त्याला छळलं. बकुळेला मात्र उमगलं. पूर्वरंग संपला, माणसं बुक्का लावून घ्यायला उठली, तशी तिने त्याला दीपमाळेशी गाठलं.

"उपरणं फाडलंत? आणि स्वतःची झाडं तशीच उघडी?"

"तुमची झाकली की माशीला इकडून तिकडे न्यायला उरतंच काय? माझीही वाचली." तो जरा घुटमळला. "उद्या बुवांबरोबर गावोगाव निघायचंय. पुन्हा इथे यायचं की नाही, ते... मिरच्या लांब लांबच बऱ्या. पण माणसं?"

"हे आत्याला विचारा."

"विचारलं. म्हणाल्या, पोर जिभेची तिखट आहे, झेपेल का? म्हटलं, आमच्याकडे तिखटावाचून घास उतरत नाही."

"मग झालं तर."

"कुठे झालं? तुम्हाला विचारायचं राहिलंय."

आत झांज वाजली. बकुळेने पदर सावरला, दोन पावलं गेली — आणि थांबली.

"मुहूर्त वैशाखात असतात," ती हळूच म्हणाली. "तोवर या."

उत्तररंगात रुक्मिणीहरण लागलं. पण मृदंग काही केल्या लयीत राहीना, सारखा पुढे पळू लागला. शेवटी बुवांनी चिपळ्या थांबवून मागे पाहिलं.

"काशीराम, जरा सबुरीने. रुक्मिणी अजून रथात चढायची आहे."

सगळा मंडप हसला. बायकांत बसलेली बकुळा तेवढी मान खाली घालून राहिली.