पंप आणि फवारा

बाटली फुटली. दवाखान्याच्या फरशीवर कसलंसं औषध पसरलं आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. आम्ही दोघंच तसेच बसून होतो.

"तुम्हालाही वास येत नाही?" शेजारच्या तरुणानं हळूच विचारलं.

दोघांचं दुखणं एकच निघालं. जन्मापासून वास नाही, आणि पंचविशी उलटली तरी मेंदूनं शरीराला वयात यायचा निरोपच दिलेला नाही. तो निरोप देणारं हार्मोन आता बाहेरून मिळणार होतं. कोणत्या वाटेनं दिलेलं जास्त लागू पडतं, हे डॉक्टरांना ताडून बघायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात त्याला पंप आला, मला नाकात मारायचा फवारा.

तो पोहायला शिकवायचा. कमरेचा पंप थोड्या थोड्या वेळानं कातडीखाली थेंबभर औषध सोडायचा. पाण्यात उतरताना तो काढून ठेवायचा, वर आला की पुन्हा लावायचा. मी रेडिओवर बातम्या वाचते, आणि दोन बातमीपत्रांच्या मध्ये फवारा.

"अदलाबदल करू या," तो म्हणाला. "तुझ्या नाकी नऊ आलेत, माझं कंबरडं मोडलंय."

पुढं प्रत्येक तपासणीला आम्ही एकमेकांसाठी जागा धरू लागलो. त्याचा आवाज फुटला, भरदार झाला. हनुवटीवर लव आली. दाढी कशी करायची हे मोठ्या भावाला विचारायची लाज वाटते, म्हणून त्यानं मला विचारलं. बाबांना बघून जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. पुढच्या खेपेला हनुवटी कापून घेऊनच आला... त्या दिवशी मला त्याच्याकडे नीट बघवेना.

माझ्या रक्ततपासणीचे आकडे मात्र जिथल्या तिथं. फवारा लागू पडला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. त्याच दिवशी जिन्यात त्यानं माझा हात धरला. मी त्याला आवडते, म्हणाला.

मी हात सोडवून घेतला. या दुखण्यापायी एकदा माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पुन्हा तोंडघशी पडायची भीती वाटली.

"हे तू बोलतोयस – की तुझा पंप?"

"मलाही कळत नाही," तो म्हणाला. "काढून बघू?"

खरंच त्याचा हात कमरेकडे गेला. मी तो घट्ट धरला.

"नको. माझ्या रक्तात तर काहीच वाढलं नाही ना... तरी सकाळपासून तुझीच वाट बघत होते."