गोजरबाईचं लेकरू

तिसगावच्या शाळेत मराठी शिकवणारे आदिनाथ सर त्या संध्याकाळी वस्तीवरच्या घरी कादंबरीचं एक प्रकरण पुन्हा लिहायला बसले होते. बायको, ज्योती, केडगावला बहिणीकडे गेलेली. दुपारीच प्रकाशकाचा फोन येऊन गेला होता, "ऊसतोडीला जाणारी तुमची गोजरबाई वरवरची वाटते, सर. तिला आतून काहीतरी सलायला हवं."

सरांनी फार विचार केला नाही. उसाच्या फडावर असताना तिचं तान्हं लेकरू थंडीनं मारून टाकलं. एकाच परिच्छेदात. वाचून पाहिलं, तर गोजरबाई एकदम जिवंत वाटायला लागली. सर स्वतःवरच खूश झाले.

दिवेलागणीला लाइट गेली. बाहेर ज्वारीच्या ताटांची सळसळ तेवढी चालू होती, तीही थांबली. मग खोलीत वास आला... जळक्या पाचटाचा आणि आंबूस दुधाचा.

दारात एक बाई उभी होती. पदर छातीशी गच्च धरलेला, आणि त्यावर ओल पसरत चाललेली.

"सर... म्या गोजर."

सर बसल्या जागेवरून उठले.

"लेकरू गेलं म्हून लिवलंत. पन पुरलं कुठं, ते लिवलंच न्हाई." ती उंबऱ्याशी टेकली. "समदा फड धुंडला वो. पान्हा ऱ्हात न्हाई... कुठं ठिवलंय माझं लेकरू?"

ती रडत नव्हती. नुसती वाट बघत होती, आणि सरांना तेच सोसवेना. सुचलं ते बोलून गेले, "आमच्या... आमच्या बांधावर. बाभळीखाली."

"व्हय का," म्हणत ती उठली आणि अंधारात गेली.

उजाडताच सरांनी ते पान चुलीत घातलं आणि बांध गाठला. बाभळीच्या बुडाशी माती हातांनी उकरलेली होती. खड्डा लहानसाच, परातीएवढा. रिकामा.

तेवढ्यात मोबाईल वाजला. ज्योती पहिल्या एसटीनं घरी पोचली होती. आवाज दबका होता.

"अवो, कुठं हाय तुमी? दारात एक बाई बसली हुती... माझ्या हातात लेकरू दिलं अन् म्हनाली, आता सरांनीच सांभाळावं..."

"ज्योती, खाली ठेव ते! आधी खाली ठेव!"



"कसं ठिवू... अंग गारठलंय वो त्याचं, लाकडावानी. पन माझं बोट धरलंय... सोडंना झालंय."