व्हिग्गो थोरुपचा बास

रविवारी सकाळी साडेअकराला व्हिग्गो थोरुप थिरा ब्रूनच्या कचेरीत शिरला, तेव्हा त्याच्या हातात बास वाजवायचा नुसता गज होता.

"बास गेला," तो म्हणाला. "चारला कार्यक्रम आहे."

थिरा खाजगी गुप्तहेर. तिचा मेहुणा एगोन टपाल खात्यातून निवृत्त झालेला. तो तिच्या नोंदी ठेवायचा. व्हिग्गोचं नाव एगोनला ठाऊक होतं. कोपनहेगनमध्ये कुणाला नव्हतं? तीस वर्षं हा माणूस डबल बासवर, त्या माणसापेक्षा उंच व्हायोलिनसारख्या वाद्यावर, असं काही वाजवत आला होता की निम्मे लोक उठून जात. नाचाच्या वाद्यवृंदातली बरी नोकरी त्यानं भर कार्यक्रमात सोडली होती. आज, चौसष्टाव्या वर्षी, शहर त्याचा सत्कार करत होतं. मंत्री येणार होते. ओळखीच्या जुन्या चाली वाजवा, एवढीच विनंती होती. ती व्हिग्गोनं धुडकावली होती.

थिरानं विचारत विचारत सगळं काढून घेतलं. नऊपासून तो सभागृहाच्या खोलीत दार लावून सराव करत होता. दहाला बासला करडी गवसणी चढवून समोर कॉफीला गेला. अकराला परतला तर बास नाही.

"ओळखायचा कसा?"

"तीनच तारा आहेत. शुक्रवारी खर्जाची तार काढून टाकली. कुणाला सांगितलं नाही. जन्मभर लोकांना त्या तारेची धमधम हवी होती, पाय हलवायला. आज मिळणार नाही."

सभागृहाचं एकच दार उघडं होतं आणि तिथं पहारेकरी बसला होता. सकाळपासून व्हिग्गोखेरीज दोघेच आत आले, एवढं मोठं वाद्य बाहेर गेलेलं नाही, असं तो शपथेवर सांगत होता.

त्यातला पहिला व्यवस्थापक होल्म्बो. त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"साडेनऊला मी त्याच्या दारावरून गेलो. गंजलेलं फाटक कुणी उघडझाप करतंय, असा आवाज. वरच्या पट्टीतली नुसती करकर. याला संगीत म्हणायचं? बास नाही सापडला तर मी रडणार नाही, बाई."

नाचाचा वाद्यवृंद तासाभरात बोलावता येईल, हेही त्यानं सांगून टाकलं. एगोननं त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

दुसरा टॉर्किल फ्रीस. व्हिग्गोचा जुना शिष्य, आता शहराच्या वाद्यवृंदात बास वाजवणारा. तो वरच्या मजल्यावर वाद्यवृंदाच्या खोलीत भेटला. भिंतीशी करड्या गवसण्यांतले बास आडवे ठेवले होते. एगोनला टपालातली मोजायची सवय. बासवादकांची उंच स्टुलं आठ, गवसण्या नऊ. एखादा जादा असेल, असं त्यानं जिना उतरताना थिराला सांगितलं.

"मीसुद्धा साडेनऊला दाराशी उभा होतो," टॉर्किल म्हणाला होता. "मास्तर खर्जाच्या तारेवर होते. जमीन थरथरत होती. आत जायचं धाडस झालं नाही. तसाच वर आलो, तेव्हापासून इथंच आहे."

दोन वाजता थिरानं सगळ्यांना वरच्या त्याच खोलीत जमवलं.

"बास बाहेर गेला नाही," ती म्हणाली. "एवढं धूड लपणार कुठं? जिथं तशीच आठ पडली आहेत तिथं. वादक आठ, स्टुलं आठ, गवसण्या नऊ."

"पण इथली किल्ली होल्म्बोंकडेही आहे," एगोन म्हणाला.

"आहे. पण होल्म्बोंनी ऐकलं ते खरं होतं. खर्जाची तार नसलेल्या बासवर यांचा गज तसाच करकरतो. टॉर्किल, तू ऐकलीस म्हणतोस ती तार शुक्रवारपासून बासवर नाहीच. तू दाराशी गेलाच नाहीस. नावं ठेवणाऱ्यानं ऐकलं होतं, वाखाणणाऱ्यानं नाही. बास उचललास तेव्हा गवसणी उघडली नाहीस, म्हणून तारेचं तुला कळलं नाही. आणि साडेनऊपासून तू इथंच असशील, तर तुझ्यादेखत नववा बास आत आणला कुणी?"

 टॉर्किल व्हिग्गोकडे वळला.

"मागच्या वर्षी तुमच्या कार्यक्रमाला मी शेवटच्या रांगेत होतो, मास्तर. शिट्ट्या, हशा. आज मंत्र्यांपुढं तेच झालं असतं. मला बघवलं नसतं."

"मला बघवतं," व्हिग्गो म्हणाला. "तीस वर्षं बघतोय. माझी लाज तू वाहायची नाहीस. बास तेवढा खाली नेऊन ठेव."

चारला पडदा उघडला. तिसऱ्या मिनिटाला मंत्री उठले, त्यांच्यामागून पुढच्या रांगा उठल्या. व्हिग्गो थांबला नाही. पहिला तुकडा पुरा वाजवून त्यानं घाम पुसला, उरलेल्या जेमतेम साठ माणसांकडे पाहिलं.

"पुढं या," तो म्हणाला. "जागा झाली आहे."

थिरा उठली. एगोनला त्या संगीतातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तोही उठला, आणि मंत्र्यांच्या खुर्चीत जाऊन ऐसपैस बसला.