ओ देऊ नकोस

"वहिनी, दारापाशी तू बस ना… आईच्या हाकांची तुलाच सवय आहे," नणंद म्हणाली. पुढच्या खोलीत मागावर बसलेल्या नवऱ्याने ते ऐकलं, पण हातातल्या धोट्यावरून नजर उचलली नाही. सून काय ते समजली. तिने ओले हात पदराला पुसले, सासूच्या बंद दाराशी चटई टाकली आणि बसली.

विणकरांच्या त्या गल्लीत हाकतापाने शिरकाव केल्याला महिना होत आला होता. पहिल्या दिवशी हुडहुडी भरायची, नखं निळी पडायची. तिसऱ्या दिवशी आजारी माणूस हाका मारू लागायचा, घरातल्याच कोणाला तरी, अगदी जिवाच्या आकांताने. ज्याला हाक मारली त्याने ओ दिली की आजारी उठून बसायचा आणि ओ देणारा तीन दिवसांत जायचा. कोणीच ओ दिली नाही, तर दिवस मावळेपर्यंत आजारीच संपायचा. वैद्यांनी कधीच हात टेकले होते. आणि ओ काय माणूस विचार करून देतो? ती तोंडातून निघून जाते, आपल्या माणसाची हाक आली की जीभ कोणाची परवानगी मागत बसत नाही… म्हणून गल्लीतले सगळे माग सूत संपलं तरी रिकामेच खटखटत होते. कोणाची हाक कोणाच्या कानी पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्या आवाजाने दिवसाढवळ्या अंगावर काटा यायचा.

सासूबाईंच्या हाका तर गल्लीत सगळ्यांना पाठ होत्या. "अगं ए", बस्स. अकरा वर्षांत सुनेला दुसरं नाव मिळालं नव्हतं. अगं ए, पाणी आण. अगं ए, खिडकी लाव. अगं ए, लावलेली खिडकी उघड. शेजारीण हसून म्हणायची, "तुझ्या सासूच्या घशाला एक दिवस सुट्टी दे गं." सुनेला मात्र हसू यायचं नाही. लेकीला पाजताना, तापात पडलेली असताना, आपल्या आईच्या जाण्याची बातमी ऐकून भिंतीला टेकलेली असतानाही ती हाक आली होती आणि तिने "ओ, आले" म्हणून उठायचं असा शिरस्ताच पडला होता. एवढं करूनही कौतुकाचा एक शब्द कधी कानावर पडला नाही. तो सल तिच्या अंतःकरणात खोल रुतून बसला होता.

परवा नखं निळी दिसताच म्हातारीने स्वतःला आत कोंडून घेतलं, आतून कडी घातली. सुनेला वाटलं, नेहमीचा संताप असेल. आज तिसरा दिवस होता. सहा वर्षांच्या लेकीला शेजारणीकडे धाडताना सुनेने तिची वेणी दोनदा उलगडली आणि दोनदा घातली. पोरगी कंटाळून म्हणाली, "आई, पुरे ना आता." सुनेने गुपचूप वेणीची गाठ मारली.

सकाळ चढली. जीव टांगणीला लागला होता. हाक येणार आणि आपण ओ देणार, याची तिला खात्रीच होती. आणि मग आपल्या पोरीची वेणी कोण घालणार, हाच विचार पुन्हा पुन्हा मनात येत होता.

एवढ्यात आतून आवाज आला. थकलेला, पण ठसका तोच.

"दाराबाहेर जी कोणी बसली असेल, तिने तोंड उघडायचं नाही. मी हाक मारत नाहीये. नुसती बोलतेय."

सुनेने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"भिंती पातळ आहेत या घराच्या. कोणाला कशाला बसवलंय, ते ऐकलंय मी. माझीच पोरं… काय बोलायचं. दिवसातून चाळीस हाका मारायचे मी तिला. दर वेळी काम असायचं असं नाही. हे गेले, पोरं आपापल्या व्यापात. या घरात माझ्या हाकेला ओ देणारी ती एकच. तिची ओ ऐकली की वाटायचं, आहे मी अजून. चांगलं बोलायला हवं होतं. जमलं नाही. सवय नव्हती… बाहेर कोणी आहे की मी भिंतीशीच बोलतेय, कोण जाणे."

अकरा वर्षांचं कोंडलेलं दुःख सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. तिला सांगायचं होतं, आई, मी आहे. पण बोललेलं चालतं की तेही ओ देणंच ठरतं, हे कोणाला ठाऊक होतं? तिने कपाळ दाराला टेकवलं आणि आवाज न करता रडत राहिली.

दुपारी ताप चढला आणि हाक आलीच.

"अगं…"

सुनेचे ओठ उघडले. ओ जिभेवर आली होती. तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला, म्हातारीने डोकं भिंतीवर आपटलं असावं. आणि मग फाटलेल्या आवाजात नवी हाक उठली.

"अहो… ऐकलंत का?"

पुढच्या खोलीतला माग थांबला. नवरा दारात येऊन उभा राहिला, चेहरा पांढराफटक. "बाबांना बोलावतेय ती," तो कसाबसा म्हणाला.

त्याचे वडील जाऊन चौदा वर्षं झाली होती. सुनेने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ज्याच्याकडून ओ येणं शक्यच नाही, असा एकच माणूस म्हातारीने आपल्या सगळ्या माणसांतून शोधून काढला होता!

"अहो… कुठे आहात?" हाका संपेचनात. मध्येच जीभ जुन्या वळणावर जायची, "अगं" म्हणायची, की लगेच आत डोकं आपटल्याचा आवाज. नणंद कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडत होती. "वहिनी, मी काय बोलून बसले गं," ती म्हणाली. सुनेने एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा आपल्या तोंडावरच राहू दिला.

ऊन उतरलं तसा आवाजही उतरत गेला. शेवटची हाक तर पुटपुटल्यासारखी होती. मग काहीच ऐकू आलं नाही.

नवऱ्याने खांदा लावून कडी मोडली. पण तो उंबरठ्यावरच खाली बसून राहिला. सून एकटी आत गेली. म्हातारीचं कपाळ रक्ताने माखलं होतं. सुनेने ते ओल्या फडक्याने हळूहळू पुसलं, विस्कटलेले केस नीट केले आणि तिचा निळा पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"होते मी बाहेर," ती म्हणाली. "सगळं ऐकलं, आई."