शेवटची वाफ

सेन्याला तळघरातून बटाटे आणायला पाठवलं की ती जिन्यात थबकायची आणि विचारायची, "आई, काय आणू म्हणालीस?" पंधरा वर्षांची घोडी झाली होती. शाळेच्या मानसतज्ज्ञ बाईंनी चाचण्या घेतल्या. चार आकडेही तिच्या डोक्यात टिकेनात. लहानपणीचा धक्का स्मरणशक्तीला असा वर्षानुवर्षं पोखरतो, बाई म्हणाल्या. वसंतापर्यंत फरक पडला नाही, तर तिला वेगळ्या वर्गात बसवावं लागणार होतं.

धक्का कोणता, हे तिच्या आईला, कार्लाला, कुणी सांगायला नको होतं. सेन्या सहा वर्षांची असताना तळ्यावरचा बर्फ फुटला आणि धाकटा भाऊ ओनी तिच्या हातातून निसटून खाली गेला.

शनिवारी मायलेकी परसातल्या सॉनात, लाकडी वाफेच्या खोलीत, बाकावर बसल्या. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं की वाफ उठायची, भिजलेल्या बर्चच्या पानांचा वास यायचा. कार्लाच्या आजीने फिनलंडहून येताना एक नियम आणला होता. शेवटची वाफ घरच्यांनी घ्यायची नाही. पाणी ओतायचं आणि निघायचं. ती वाफ न दिसणाऱ्यांची.

कार्ला पाणी ओतून उठली. सेन्या नेहमीसारखी मागे रेंगाळली. एरवी कार्ला सरळ घरात जायची, पण आज बाईंचं बोलणं मनात सलत होतं. इथे एकटी काय करतेस, तिने विचारलं.

"ओनी येतो," सेन्या म्हणाली. "मग आठवडाभर बोलत राहतो. दुसरं काही डोक्यात मावतच नाही गं."

कार्लाला भीती वाटायला हवी होती. तिला हेवा वाटला. नऊ वर्षं ती ज्या आवाजासाठी झुरत होती, तो तिच्याच परसात होता.

"आज मी बसते."

"नको आई. तो सोडत नाही."

"मी आई आहे त्याची. तू जा, अभ्यासाला बस."

दार लागलं. दगड चुरचुरले.

वाफेला तळ्याच्या पाण्याचा वास आला.

बाकाची शेजारची फळी जराशी वाकली.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. सेन्याने फेरचाचणीत सगळे आकडे बिनचूक म्हटले होते, वेगळ्या वर्गाची गरज उरली नव्हती. कार्ला नुसती हसत राहिली. फोन ठेवला तेव्हा दारात एक मुलगी उभी होती.

"आई, माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

चेहरा ओळखीचा होता. नाव काही केल्या आठवेना.

"हळू बोल, बाळ," कार्ला मायेने म्हणाली. "मला त्याचं ऐकू येत नाहीये."