सपाट गावातला चढ

रॉटरडॅममधल्या मराठी माणसांची कुठलीही सहल ठरायची असली, की पहिला फोन मला येतो. 'मंजूषाताई, तुम्ही हो म्हणा, मग आम्ही सुट्टी टाकतो,' असं म्हणतात सगळे. फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे सांगतेच आहे, पण खरं आहे म्हणून सांगते. तेव्हा स्कीच्या सहलीची माहिती विचारायला तुम्ही माझ्याकडे आलात, यात नवल नाही. बसा. दिवा लावते. डिसेंबरात इथं चार वाजले की अंधारून येतं. माहिती सगळी देईन, फक्त त्या हॉटेलचं नाव देणार नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. चार कुटुंबांनी नाताळच्या सुट्टीत स्की करायला जायचं ठरवलं. ऑस्ट्रियातलं जुनं गाव, गावात शंभरेक वर्षांपूर्वीचं लाकडी हॉटेल. एके काळी तिथं राजेरजवाडे बर्फात घसरायला यायचे म्हणे. माझा नवरा संजीव बंदरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. तो म्हणाला, "इतकी वर्षं सपाट देशात राहिलेली माणसं आपण, डोंगरावर काय दिवे लावणार?" मी म्हटलं, तू फक्त गाडीला बर्फाचे टायर लावून घे, दिव्यांचं मी बघते.

वेबसाइटवर माझा भरवसा नसतो. मी माणसाशी बोलते. हॉटेलला फोन लावला, तर एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. तिनं नाव सांगितलं आगाथा. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखं. तिच्या बोलण्यामागे बारीक शिट्टी वाजवत वारा वाहत असायचा. हॉटेलच्या आत बसलेल्या बाईच्या फोनमध्ये इतका वारा कुठून येतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी आपली विचारत होते, खोलीत छोटा कुकर चालेल का, शाकाहारी किती मिळेल, दह्याला विरजण लावायला उबदार जागा आहे का.

ती सगळ्याला हो म्हणायची आणि मग हळूच विचारायची, "मुलं आहेत?"

आता मुलीबद्दल कुणी विचारलं, की मी थांबत नाही. स्वानंदी तेव्हा अकरा वर्षांची. इथल्या मुलांच्या पोहण्याच्या तिन्ही परीक्षा तिनं वर्गात सगळ्यांच्या आधी पार केल्या. कालव्यावर बर्फ धरलं की पहिलं पाऊल हिचंच. भीती म्हणून ठाऊक नाही पोरीला. माझी आई असती तर म्हणाली असती, अगं, परक्या बाईसमोर लेकराचं इतकं कौतुक करू नये, दृष्ट लागते. पण मी केलं. दर फोनला केलं.

"माझीही मुलगी होती," आगाथा एकदा म्हणाली. "वर गेली… सकाळी."

पुढं नुसता वारा ऐकू येत राहिला.  आणि मग आपण मराठी माणसं नळ दुरुस्त करणाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना जे म्हणतो, आणि ज्यावरून कुणी कधी खरंच येत नाही, ते मी म्हणून गेले. "या ना एकदा आमच्याकडे."

वारा थांबला. एकदम, खिडकी लावल्यासारखा.

"तुम्ही बोलावताय?" तिनं विचारलं.

"अहो, केव्हाही या. दार उघडंच आहे."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. नदीवर धुकं दाटलं होतं, बंदरातली जहाजं भोंगे देत होती. संजीव बॅडमिंटनला गेला होता. घरात मी आणि स्वानंदी. या देशात ठरवल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात येत नाही. दार उघडलं, तर घोट्यापर्यंत काळा कोट घातलेली ठेंगणी म्हातारी. बाहेर भुरभुर पाऊस होता, कोट मात्र कोरडा ठणठणीत.

"तुम्ही बोलावलंत," ती म्हणाली.

आवाज ओळखला. अंगावर काटा आला, हे कबूल करते. पण त्याहून मोठी गोष्ट मनात आली. ही बाई माझ्या एका शब्दावर अख्खा जर्मनी ओलांडून आली. असं निमंत्रण मराठी मंडळात कुणाचं खरं ठरलंय? मी तिला आत घेतलं.

तिच्याबरोबर वास आला. ओली लोकर, चिडाच्या झाडाचा डिंक, जुनं चामडं. ती हीटरपासून लांबच्या खुर्चीवर बसली. पोहे केले, दिवाळीतले बेसनाचे लाडू काढले. तिनं लाडू हातात घेतला आणि तसाच धरून बसली. चहा पुढ्यात निवत गेला. तिच्या पाठीमागची खिडकी धूसर होत होती. मी पुसायला गेले तर आतल्या बाजूनं बर्फाचा पापुद्रा धरलेला.

"मुलगी?" तिनं विचारलं.

स्वानंदी जिन्यावरून उतरून आली. आगाथा खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिचा मोजा काढला आणि वीत टाकून तिचा पाय मोजला. टाचेपासून बोटांपर्यंत, मग आडवा, मग घोट्याभोवती. स्कीचे बूट अगदी मापाचे असावे लागतात हे मला माहीत होतं, त्यामुळे क्षणभर मी खूषच झाले. हॉटेल असावं तर असं.

"आई," स्वानंदी डचमध्ये म्हणाली. मराठी तिला कळतं, पण घाबरली की ती डचच बोलते. "तिला सांग ना… पाय सोडायला."

मी पुढं झाले तशी आगाथानं हात काढला आणि ती निघाली. माझ्या दारातून कुठलीही बाई कुंकू न लावता गेलेली नाही, म्हणून मी बोट तिच्या कपाळाला लावलं. कुंकू उमटेना. ओल्या पाटीवर खडू उमटू नये तसं. ती हसली, आणि धुक्यात वळणापर्यंतही दिसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्वानंदी दमायला लागली. शाळेचा रस्ता कालव्याकाठचा, ताटासारखा सपाट. तिच्या मैत्रिणी भरभर सायकली मारत पुढे जायच्या, आणि ही खाली उतरून सायकल ढकलत यायची. धापा टाकायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही नाही, पॅरासिटामॉल द्या. पण रात्री जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, शाळेचा रस्ता चढाचा झालाय."

मी हॉटेलला फोन लावला. या वेळी एका तरुण माणसानं उचलला. मी आगाथाबाईंना द्या म्हटलं.

"ती तुमच्याकडे आली होती?" तो कुजबुजला. "तुम्ही… बोलावलंत?"

"हो."

"माप घेतलं? कुणाचं?"

मी सांगितलं. त्यानं फोनवर हात ठेवून मागे कुणाला तरी काहीतरी म्हटलं, आणि मागून एका बाईच्या रडण्याचा आवाज आला. दुःखाचं रडणं नव्हतं ते. सुटका झाल्यावर रडतात तसं होतं.

"ती बूट करते," तो म्हणाला. "गावातल्या मुलांचे. ज्याचं माप घेतलं ते मूल चढत जातं… वर. उतरताना कुणी कुणाला पाहिलेलं नाही. बूट येतील. मुलीच्या पायात जाऊ देऊ नका."

"आणि नाही घातले तर?"

"कुणाच्या तरी पायात जातातच. जोडी एक, चढ एकाचाच." मग घाईनं म्हणाला, "तुमचं बुकिंग आम्ही रद्द करतोय. कृपा करून इकडे येऊ नका. ती परत येईल तुमच्याबरोबर."

फोन ठेवल्यावर मी संजीवला सगळं सांगितलं. संजीव म्हणाला, आपण सरळ पुण्याला जाऊ या. मी म्हटलं, पुण्यात काय चढ नाहीत? तो चिडला, मग रडला. मी रडले नाही. मी विचार करत होते. माझी जीभ सैल सुटली म्हणून माझ्या लेकीचा पाय मोजला गेला. सहल माझी, निमंत्रण माझं, मग पुढचं कुणी बघायचं?

बूट आले. आम्ही घरात नसताना कुणीतरी ते शेजारच्या डच आजींकडे ठेवून गेलं होतं, आपली पार्सलं ठेवतात तसे. खोक्यात तपकिरी चामड्याचे, हातानं शिवलेले, लहानखुरे बूट. आत हात घातला तर गरम लागले, आत्ताच कुणी पायातून काढल्यासारखे. मी मागे वळून बघते तर स्वानंदी जिन्याच्या पायरीवर बसलेली. मोजे काढून एक पाय पुढं केलेला. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी तिच्यासमोर बसले. तिच्या डोक्यावरून, गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आमच्या आया-आज्यांनी अशाच अलाबला घेतल्या. लेकराचं जे काही असेल ते माझ्यावर येऊ दे म्हणून. आणि मग मी ते बूट माझ्या पायांत घातले. तिच्या मापाचे बूट, माझ्या पायाला कुठे होणार? पण चपखल बसले. घोट्याभोवती नाडी मी बांधली नाही, ती आपोआप आवळत गेली.

स्वानंदीनं डोळे मिटले, उघडले, आणि भूक लागली म्हणाली. त्या दिवशी तिनं तीन थालीपिठं खाल्ली.

बूट संध्याकाळी सहज निघाले. संजीवनं ते नदीत सोडून दिले. चढ मात्र राहिला. भाजी आणायला जाते, चढ. ट्रामच्या थांब्यावर जाते, चढ. समुद्राच्या पातळीखालचं हे गाव, आणि माझा फोन रोज सांगतो, आज तुम्ही एवढे मजले चढलात. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत. कधीकधी भर रस्त्यात चिडाचा वास येतो, हवा विरळ होते, बंदरातल्या जहाजांचे भोंगे खूप खालून ऐकू येतात.

पण एकदाही थांबले नाही. अभिमानानं सांगते. अकरा वर्षांच्या पोरीला हे झेपलं नसतं, आणि वर्षभर मी हे चढतेय. ती आता इथल्या कृत्रिम बर्फाच्या हॉलमध्ये स्की शिकते. परवा स्पर्धेत पहिली आली. गळ्यात पदक घालून धावत माझ्याकडे आली, तेव्हा सपाट जमिनीवर तिची पावलं किती हलकी पडत होती ते मी डोळे भरून पाहिलं. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा तेच करेन.

काल सकाळी मात्र बाजारातून येताना कालव्याच्या पुलावर चढ संपला. एकाएकी. पायांखाली सपाट लागलं, वारा पडला. मी पिशवी खाली ठेवून उभी राहिले. समोर आमची नेहमीची गल्ली, सायकली, शेजारच्या आजी कुत्र्याला घेऊन चाललेल्या. मग ओल्या लोकरीचा वास आला, आणि मागून कुणीतरी माझ्या पाठीवर अगदी हलकेच हात ठेवला, लहान मुलाला घसरगुंडीवरून सोडायच्या आधी ठेवतात तसा.

तो हात अजून आहे.