रिकाम्या सीटचं भाडं

तालाय मीरगुलला पहिल्यांदा भेटला, तो गाडीतला तिसरा प्रवासी म्हणून. मार्चमधला शुक्रवार होता, ओश शहरात बोचरा भुरभुर पाऊस पडत होता, आणि घाटापलीकडच्या गुल्चा गावच्या टॅक्सीला चौथं माणूस मिळत नव्हतं. अशा वेळी दोनच वाटा असतात. एकतर चौथ्यासाठी थांबायचं, नाहीतर तिघांनी रिकाम्या सीटचं भाडं वाटून घेऊन लगेच निघायचं.

मीरगुल पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि दर शुक्रवारी गुल्च्याला आईकडे जायची. तिने उभ्या उभ्या गणित मांडलं. सीटचं भाडं अडीचशे सोम, तिघांत वाटलं तर वाट्याला येणार त्र्याऐंशी; तिच्या पगाराचा तास एकशे ऐंशीचा. म्हणजे अठ्ठावीस मिनिटांहून जास्त थांबावं लागणार असेल, तर पैसे देणं परवडतं.

मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसलेल्या तरुणाने ते लक्ष देऊन ऐकलं.

"आणि ती अठ्ठावीस मिनिटं चांगली गेली तर?"

"तर काय?"

"तर ती तोट्यात धरायची... की जमेत?"

तिने पर्स पुन्हा बंद केली. चौथा प्रवासी चाळीस मिनिटांनी आला. तोवर तिला कळलं होतं की तालाय गुल्च्याचा जनावरांचा डॉक्टर आहे, मेंढ्यांच्या लसी न्यायला दर शुक्रवारी ओशला येतो, आणि सूर्यफुलाच्या बिया खाताना टरफलं स्वतःच्या खिशात टाकतो. चाळीस मिनिटांत आपण घड्याळ एकदाही पाहिलं नाही, हे घाट चढताना तिच्या लक्षात आलं.

पुढचे शुक्रवार असेच गेले. रिकाम्या सीटचे पैसे काढू, असं कोणी म्हटलं की तालाय पावसाचं, नाहीतर मेंढ्यांचं काहीतरी कारण काढून थांबायचा, आणि मीरगुल त्या कारणातल्या चुका दाखवत थांबायची. फोन नंबर कोणी मागितला नाही. तिला वाटायचं, तो मागेल. त्याला बहुधा उलटं वाटत असावं.

मेअखेरीस त्याने सांगितलं, की जूनपासून खात्याची गाडी लसी थेट गुल्च्याला पोचवणार आहे. पुढचा शुक्रवार शेवटचा. चारपर्यंत स्टँडवर येतो, म्हणाला.

त्या शुक्रवारी मीरगुल साडेतीनलाच आली. ड्रायव्हर एर्मेक अकाच्या, म्हणजे एर्मेकदादाच्या, गाडीत पुढे एक सिमेंटचा व्यापारी बसला होता, मागे एक म्हातारी आजी, तिकडच्या बोलीत अपा. मीरगुल अपाशेजारी बसली; अपाची चेरीची टोपली तिच्या दुसऱ्या बाजूला सीटवर होती. एकच सीट उरली. सव्वाचार वाजले तरी तालायचा पत्ता नव्हता, आणि पाठीवर पिशवी टाकलेला एक सैनिक गाडीकडे येऊ लागला.

"ही सीट माझी," मीरगुल म्हणाली, आणि अडीचशे सोम एर्मेक अकाच्या हातावर ठेवले. सैनिक दुसऱ्या गाडीकडे वळला.

एर्मेक अकाने दार लावलं आणि इंजिन सुरू केलं. या स्टँडवर रिकाम्या सीटचे पैसे देण्याचा एकच अर्थ होतो : निघा. चार वर्षं इथून प्रवास करूनही घाईत ते तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली.

"आता काय राहिलं? गाडी भरली."

"सीटचे पैसे दिलेत मी. निघायचे नाही."

व्यापारी वळून बसला. "पोरी, लोक लवकर निघायला पैसे मोजतात. थांबायला कोण मोजतं?"

"माणूस यायचाय... पेटीवाला डॉक्टर."

अपाने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझा कोण लागतो?"

मोजता येत नाही त्याबद्दल बोलायची मीरगुलला सवय नव्हती.

"अजून कोणी नाही. पण आज चुकामूक झाली... तर पुढेही कोणी लागणार नाही."

एर्मेक अकाने इंजिन बंद केलं. व्यापारी म्हणाला, पंधरा मिनिटं, त्याच्यावर एक नाही. मग त्याने डोळे मिटले.

तालाय एकोणिसाव्या मिनिटाला धावत आला. लसींच्या शीतगृहाची किल्ली घेऊन तिथला माणूस नमाजाला गेला होता, तो तिथून परस्पर एका लग्नाचा पुलाव खाऊन परतला, असं तो धापा टाकत सांगत होता. त्याने पैसे पुढे केले, ते एर्मेक अकाने घेतले नाहीत.

"तुझ्या सीटचे हिने दिलेत. गाडी निघू नये म्हणून."

तालाय दारातच थबकला. त्याने मीरगुलकडे पाहिलं.

"पुढच्या शुक्रवारी तू नसशील," ती म्हणाली. "ते मला चालणार नाही."

तो आत बसला. पेटी मांडीवर घेतली, आणि कोरडंच असलेलं तिचं झाकण बाहीने दोनदा पुसलं.

"शनिवारी कुठे असतेस?"

"घरी. पुलापलीकडे, निळं फाटक."

"कुत्रा आहे?"

"आहे. चावतो."

"चावू दे," तालाय म्हणाला. "उद्याच येतो."

अपाने मीरगुल आणि तालायच्या मधे असलेली चेरीची टोपली उचलून आपल्या पायाशी घेतली, आणि एर्मेक अकाला गाडी काढायला सांगितलं.